सरळ बसणारे आणि वाकून बसणारे

आमच्या सोलापुरात पूर्वी दोन विषयांवर कितीही वेळ वाद चालू शकायचा. एक म्हणजे शेंगाचटणी कुणाकडची चांगली, आणि दुसरा म्हणजे सायकल कशी असावी. चटणीचा वाद अजून चालू आहे आणि चालू राहो. सायकलीचा वाद मात्र मधली पंचवीसेक वर्षं बंद पडला होता. अलीकडे तो पुन्हा सुरू झालेला दिसतो. वाद घालणारी माणसं नवी आहेत आणि जुन्या वादातलं त्यांच्या कानावर काही आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक खुलासा. मी शर्यतीच्या सायकलीबद्दल बोलत नाही, की सायकलवरून जगाला फेरी मारण्याबद्दलही नाही. (तशी फेरी मारणारे आपल्याकडे झाले. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण निघाले, त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पुरी प्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) माझा विषय साधा आहे. सकाळी डबा अडकवून कामावर जायचं, संध्याकाळी भाजी घेऊन घरी यायचं, यासाठी योग्य सायकल कोणती आणि ती चालवणारा योग्य माणूस कोणता?

माझं आयुष्य नवी पेठेत गेलं. आज नवी पेठ म्हटलं की लोकांना कपड्यांची खरेदी आणि गाडी लावायला जागा नसणं एवढंच आठवतं. १९६० च्या आसपास इथं दुकानांपुढं सायकलींच्या रांगा असायच्या. एक पडली की पत्त्यांसारख्या दहा पडायच्या आणि दहा मालक दुकानांतून धावत बाहेर यायचे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. भोंगा झाला आणि पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा नुसता लोंढा यायचा. तेव्हा रस्ता ओलांडायचा तर लोंढा ओसरायची वाट बघावी लागे.

गाव सायकलीसाठीच वसवल्यासारखं होतं. जमीन सपाट, पाऊस बेताचा, घर ते गिरणी अंतर तीन-चार मैलांच्या आत. त्रास दोनच. एक बाभळीचे काटे आणि दुसरा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं गेला की ट्यूबवर चिकटवलेलं ठिगळ आपोआप सुटायचं. जाणती माणसं उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरत आणि सायकल लिंबाच्या सावलीला लावत.

आता सायकलीकडे वळतो. आपण जिला "आपली साधी काळी सायकल" म्हणतो ती मुळात इंग्रज. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, हा घाट १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीच्या रोव्हर सायकलीनं पक्का केला. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पुढं नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलस अशा कंपन्यांच्या सायकली आपल्याकडं येऊ लागल्या. १९३९ च्या सुमारास मुंबईत हिंद सायकल्स सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टीआय, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला मुंजाल बंधूंची हीरो. नावं वेगळी, पण घडण एकच: अठ्ठावीस इंची चाकं, लांबलचक सांगाडा, पुढं झुकलेला चिमटा, सळईचे ब्रेक, स्प्रिंगांचं कातडी सीट. चीनमधली ‘फ्लाइंग पिजन’ सायकल १९५० पासून निघू लागली, तीही याच इंग्रजी घाटावर. म्हणजे बीजिंगचा कारकून आणि सोलापूरचा जॉबर जवळजवळ एकाच सायकलवर बसत होते म्हणायला हरकत नाही.

तिला नावं ठेवणारे पुष्कळ. जड आहे म्हणतात. आहेच, वीस किलोच्या आसपास भरते. पण त्या प्रत्येक भागाला कारण होतं. झुकलेला चिमटा आणि लांब सांगाडा यामुळं खड्ड्याचा दणका कंबरेपर्यंत पोचत नसे. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर दाबतो आणि रिम ओली झाली की नीट लागत नाही, म्हणून कोकणातल्या उतारांवर त्याचा भरवसा नाही. सोलापुरात मुळात रिम ओली होण्याचे दिवसच किती? उलट तारेचा ब्रेक तुटतो, सळई तुटत नाही. जी गोष्ट एका गावी दोष ठरते ती दुसऱ्या गावी गुण असू शकते, हे मला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा सायकलच्या दुकानात आधी कळलं.

तर या एकाच काळ्या सायकलीवरून आमच्याकडं तट पडायचे. गिरणीतला आणि मागावरचा माणूस म्हणायचा, सायकल म्हणजे डबल दांडीची. मागं मोठं कॅरियर, त्याच्यावर सुताचे गठ्ठे किंवा चादरींचा ढीग, दांडीवर पोरगं, हँडलला डबा. चेनकव्हर, दिवा वगैरे त्याच्या दृष्टीनं साहेबी थेर. कारकून, मास्तर, वकिलांचे मुन्शी यांचा धर्म वेगळा. त्यांना पूर्ण चेनकव्हर हवंच, कारण धोतराला किंवा विजारीला वंगणाचा डाग पडला तर कचेरीत शोभत नाही. डायनॅमो हवा, घंटा एका टिचकीत वाजायला हवी आणि रविवारी सकाळी खोबरेल तेलाचं फडकं फिरवून सायकल आरशासारखी चमकायला हवी. वर्षातून एकदा "ओव्हरऑइल" करून छर्रे बदलून घ्यायचे, ते दिवाळीच्या आधी. तिसरा तट कॉलेजातल्या पोरांचा. मडगार्ड काढून टाकायचं, हँडल उलटं बसवायचं, सीट वर चढवायचं आणि पाठ वाकवून सुटायचं. दयानंद आणि संगमेश्वरकडं जाणाऱ्या या पोरांना आमचे एक शेजारी "वाकडे" म्हणत. स्वतः ते इतके ताठ बसत की मागून बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ खुर्चीसकट निघालेत.

यात मी कोणत्या बाजूचा हे सांगायला नको. १९७४ साली नोकरी पक्की झाल्यावर मी घेतलेली अ‍ॅटलस पूर्ण चेनकव्हरची होती. माझं मत आजही असं आहे की रोज कामावर जाणाऱ्यानं सरळ बसावं. सरळ बसणाऱ्याला रस्ता दिसतो, माणसं दिसतात आणि माणसांनाही त्याचा चेहरा दिसतो. पण सूत वाहणाऱ्याला चेनकव्हरचं कौतुक सांगणं हे भरल्या पोटी उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

सायकलीइतकीच मतं सायकलवाल्याबद्दल. समोरून गुरुजी किंवा घरचं वडीलधारं माणूस आलं की सायकलवरून उतरायचं, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना माहीत होता. मी स्वतः विद्यार्थी असताना दत्त चौकापासून घरापर्यंत तीनदा उतरलोय. रात्री दिवा नसला तर पोलीस धरायचा, डबलसीट दिसलं तर चौकात चाकातली हवा सोडायचा. बऱ्याच नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. बिल्ला बघायला माणूस उभा राहिला की सायकली कशा गल्लीबोळांत गडप होत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवून हसू येईल. आणि एक चाल तर मला फार आवडायची. नवरा-बायको संध्याकाळी फिरायला निघाले की नवरा सायकल हातात धरून चालायचा, बायको पलीकडून. सायकल मधे. सायकल न्यायचीच कशाला, असं कुणी विचारत नसे.

हे असे तट फक्त आपल्याकडंच होते असं मात्र समजू नका. ‘तूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारा आंरी देग्रांज गिअरच्या विरुद्ध होता. गिअर बदलायची सोय ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या सायकलवाल्यानं पायाच्या जोरावर चढावं, असं त्याचं म्हणणं. त्याच देशात पॉल द विव्ही, टोपणनाव वेलोसियो, हा गृहस्थ गिअरचा प्रचार करत डोंगर पालथे घालत होता. शेवटी १९३७ साली तूरमध्ये साखळी सरकवून बदलायच्या गिअरला परवानगी मिळाली. तोवर बिचारे स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं करून बसवत. दुसरी गंमत १९३४ ची. आदल्या वर्षी एका फ्रेंच स्वारानं पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर तासाभरात सर्वात जास्त अंतर कापण्याचा विक्रम केला. त्यावर जागतिक सायकल संघटनेनं काय करावं? ही सायकलच नव्हे, असा निकाल दिला! आमचे ताठ शेजारी त्या समितीवर शोभले असते.

इथपर्यंतचा वाद गमतीचा होता. दुसरा एक वाद होता, तो गमतीचा नव्हता.

मी शिकवत होतो त्या शाळेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी विज्ञान शिकवायला एक बाई आल्या. त्या सायकलवरून येत. बिनदांडीची लेडीज सायकल, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. अंगावर गोल पाचवारी, पदर खोचलेला. मुलींना त्याचं केवढं अप्रूप! पण आठ दिवसांत संस्थेच्या एका सभासदांचा निरोप आला की बाईंनी सायकल फाटकाबाहेर लांब उतरून हातात धरून आणावी, मुलींवर परिणाम होतो. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. कुणी म्हणालं रिक्षा करावी. पगार किती आणि रिक्षाला किती, हे कुणी बोललं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "परिणाम व्हावा म्हणूनच मला नेमलंय ना?" आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या फाटकातून आत आल्या. निरोप पुन्हा आला नाही. त्यांच्या वर्गातल्या मुलींपैकी पुढं किती सायकलवर बसल्या ते मी मोजलं नाही, पण १९८५ नंतर आमच्या शाळेत मुलींसाठी वेगळा सायकल स्टँड करावा लागला.

या बाबतीत मोठं काम झालं ते तामिळनाडूत. १९९१ च्या सुमारास पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची टूम निघाली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बायका हजारोंनी सायकल शिकल्या. आणि मला सर्वात पटलेली गोष्ट ही, की त्यांच्यातल्या अनेकींनी लेडीज सायकलची वाट न बघता सरळ दांडीची सायकल घेतली. का, तर दांडीवर मूल बसवता येतं! ज्या दांडीमुळं ती बायकांची नव्हे असं आपण ठरवलं होतं, तिचाच त्यांनी उपयोग केला. पुढं बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या वाट्याला मात्र सायकल आली नाही. हजारो बायका घरी विड्या वळायच्या, पानं आणायला आणि तयार विड्या द्यायला टोपली घेऊन कारखान्याच्या शाखेत चालत जायच्या. नवऱ्याची सायकल असली तर ती नवऱ्याबरोबर गिरणीत. योग्य सायकल कोणती यावर आम्ही पुरुष चौकात तासतास बोलायचो आणि त्या आमच्या बाजूनं चालत जायच्या. सोलापूरच्या सायकलीचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात त्यांचं पायी चालणं लिहिल्याशिवाय तो पुरा व्हायचा नाही.

मग काळ फिरला. १९७२ साली लूना आली, त्याच साली बजाज चेतक. पण खरा घाव १९८५ च्या हीरो होंडानं घातला. आणि गंमत बघा, ती आणणारे तेच लुधियानाचे मुंजाल. १९८६ साली जगात सर्वात जास्त सायकली बनवणारे म्हणून त्यांच्या हीरो सायकल्सचं नाव गिनीज बुकात गेलं आणि त्याच घराच्या मोटारसायकलनं मध्यमवर्गाला सायकलवरून उतरवलं. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, पाठोपाठ पाळीच्या सायकलींचा लोंढाही आटला. २०२० साली अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकलदिनी.

तेव्हापासून "सायकल संपली" असं म्हणायची पद्धत पडली. पण जनगणनेचे आकडे काय सांगतात? २००१ साली देशातल्या ४३.७ टक्के घरांत सायकल होती, २०११ साली ४४.८ टक्के घरांत. त्याच दहा वर्षांत स्वयंचलित दुचाकी असलेली घरं ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. म्हणजे सायकल संपली नव्हती. ती फक्त आपल्यासारख्यांच्या घरातून गेली आणि आपल्याला दिसेनाशी झाली. वॉचमन, बांधकामावरचे मजूर, दूधवाले, पेपरवाली पोरं यांच्याकडं ती होतीच.

आता सकाळी साडेपाचला होटगी रोडला किंवा विजापूर रोडला उभे राहा. डोक्यावर हेल्मेट, घट्ट कपडे, मागं लुकलुकणारा लाल दिवा, हलक्या गिअरच्या सायकली, अशी मंडळी दिसतील. डॉक्टर आहेत, व्यापारी आहेत, बायकाही आहेत. मला त्यांचं कौतुक आहे, चेष्टा करायची नाही. पण त्याच वेळी त्याच रस्त्यावर रात्रपाळी संपवून जुन्या काळ्या सायकलवरून घरी जाणारे लोकही असतात. पहिल्यांना लोक "सायकलिस्ट" म्हणतात, दुसऱ्यांना "सायकलवाला". तिसरा एक शब्द आहे, "सायकलस्वार". तो फक्त अपघाताच्या बातमीत येतो.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पूर्वी गिरणीत होते. गिरणी गेल्यावर साठीच्या आसपास त्यांनी एमआयडीसीत रात्रीच्या वॉचमनची नोकरी धरली. दहा वर्षांपूर्वी एका जीपनं त्यांना मागून उडवलं. वाचले, पण डावा पाय वाकत नाही. कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी चर्चा, की सायकलला दिवा नव्हता, मग दुसरं काय होणार! मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा तेच म्हणाले, "सर, डायनॅमो होता की. मीच काढला. तो लावला की सायकल दुप्पट जड चालायलीय, गुडघ्यात जीव कुठाय आता?" ज्यांनी डायनॅमो लावून सायकल चालवलीय त्यांना हे पटेल. चाकाला घासून वीज करतो तो, फुकट देत नाही.

दिवा हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. बॅटरीचे दिवे आता स्वस्त झालेत, आणि २०२० साली केंद्र सरकारनं सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाबद्दल आदेशही काढला. पण सगळा दोष सायकलवाल्याच्या माथी मारणं मला पटत नाही. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाच्या इंजिनिअरनं १९७६ साली एक पुस्तक लिहिलं. सायकलवाल्यानं मोटारवाल्यासारखंच रस्त्यात हक्कानं, नियमानं चालवावं, वेगळी वाट मागू नये, असं त्याचं मत. धडधाकट माणसाला ते ठीक आहे. गुडघे गेलेल्या वॉचमननं आणि आठवीतल्या मुलीनं ट्रकच्या पुढं कसला हक्क गाजवायचा? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. तिथल्या आईबापांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, त्यानंतर तिथं सायकलींच्या वेगळ्या वाटा जोरात होऊ लागल्या. योग्य सायकलवाला कोण हे विचारणं त्यांनी सोडलं आणि रस्ता योग्य आहे का ते विचारलं.

आपल्याकडं हा प्रश्न आता नवी पेठेपेक्षा कुंभारीला जास्त लागू आहे. अक्कलकोट रस्त्यावर २००६ साली विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. घर मिळालं हे फार मोठं काम झालं. पण पूर्वी जे काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतं. रिक्षाला पैसे, बसची वाट. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडं राहते. तिच्या मुलीला सायकल मिळालीय, बिनदांडीची, पुढं टोपली असलेली. मुलगी वसाहतीत दिवसभर फिरवते. मोठ्या रस्त्यावर न्यायला मात्र आई परवानगी देत नाही. "सर, ट्रक बघितलाव का तिथले?" असं तिनं मला विचारलं.

माझी अ‍ॅटलस अजून आहे. मेकॅनिक चौकाच्या बाजूला एक दुकानदार तिची देखभाल करतो. चेनकव्हर मागच्या वर्षी गंजून गळालं, त्या मापाचं दुसरं त्याला मिळालं नाही. तो म्हणाला, "बिनकव्हरची चालवा की सर, आता धोतर कुठं नेसताव?" सध्या पायजम्याला क्लिप लावून चालवतो, सकाळी सातच्या आत, दत्त चौकापर्यंत आणि परत.